बुडालेल्या बोर्डावर उभं राहताना

आईने त्या बोर्डावर पहिल्याच दिवशी कुरडया घातल्या. दादा फौजेतून महिन्याच्या सुट्टीवर आला तो एक लांबडी, एसटीच्या दारातून आडवी-तिडवी करून काढावी लागलेली पिशवी घेऊन, आणि तिच्यातून निघालेली ती पांढरी फळी त्याने जरा वारं लागावं म्हणून गच्चीवर ठेवली. सकाळी आई चिकाचं पातेलं आणि सोऱ्या घेऊन वर गेली. माझ्या खांद्याएवढी लांब, सपाट, स्वच्छ जागा आयती समोर बघून तिला वाटलं, पोराने या वेळी काहीतरी कामाचं आणलं. दादा वर जाऊन किंचाळला, "आगं आये, ह्यो सायबाचा बोर्ड हाय!" आईने सोऱ्याची मूठ फिरवायची थांबवली नाही. म्हणाली, "मग सायबाला म्हणावं दोन दिस दम धर. वल्या उचलल्या तर मोडत्यात." फौजेतला जवान आईपुढे काय बोलणार? बोर्ड दोन दिवस तिथेच राहिला, आणि त्या वर्षीच्या कुरडयांवर पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावलेल्या रबराच्या बारीक रेघा उमटल्या. चीक उरला होता तो आम्ही दूध-गूळ घालून खाल्ला.

त्या खेळाला विंग फॉईलिंग म्हणतात हे मला तेव्हा कळलं. बोर्डाच्या पोटाखाली कमरेएवढा दांडा असतो, दांड्याच्या टोकाला विमानाच्या पंखांसारखं पातं, आणि माणसाच्या हातात हवा भरून फुगवलेला एक सुटा पंख. पंखात वारं भरलं की बोर्ड पळायला लागतो, आणि पुरेसा पळाला की ते पाण्याखालचं पातं अख्ख्या बोर्डाला पाण्याच्या वर उचलतं. मग माणूस पाण्याला न लागता वीतभर, हातभर उंचीवरून जातो. आमच्या गावातल्या लोकांनी तो पंख पहिल्यांदा बघितला आणि त्याला वटवाघूळ असं नाव ठेवलं. "आज वटवाघूळ उडालं का?" असं पारावरून विचारायचे. आमचं गाव धोम धरणाच्या पाण्याला लागून, त्यामुळे पाण्यावर काहीही नवीन दिसलं की सगळ्यांचं त्यावर मत असायचं.

दादा फौजेच्या जलक्रीडा संघात होता. मोठा बोर्ड, जो माणसाचं वजन तरंगत पेलतो, त्याच्यावर कोणीही महिनाभरात उभा राहतो, असं तो सांगायचा. शर्यतीचा बोर्ड मात्र लहान. तो माणसाच्या वजनाने पाण्याखाली जातो, आणि तिथून वर यायचं असतं. दादा त्यात संघात सगळ्यांत पुढे होता. पण दिवाळीपासून काय बिनसलं कोण जाणे, त्याला लहान बोर्डावर उभंच राहता येईना. संघाचा साहेब चांगला होता. त्याने आपला लहान बोर्ड दिला आणि सांगितलं की घरी जा, डोकं शांत कर, महिन्याने उभा राहून दाखव. नाही जमलं तर संघातून नाव काढून पलटणीत परत. हे दादाने आल्या दिवशीच जेवताना सांगितलं. आबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाले, "म्हंजी महिन्यात उभं राहायचं. येवढंच न्हवं? हाय काय त्यात."

आबा, म्हणजे आमचे वडील, हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांचे वडीलही फौजेतले. फौजेत शिक्षा म्हणून जी कसरत करून घेतात तिला रगडा म्हणतात. आमच्या घरात ते औषधाचं नाव होतं. पोट दुखलं, रगडा. परीक्षेत मार्क कमी पडले, रगडा. मला एकदा प्रेमपत्र आलं तेव्हा पत्र पाठवणाऱ्याला सोडून मलाच धरणाच्या बांधावर पळवलं होतं. दादाचा पाय कमी पडतोय म्हटल्यावर आबांच्या मनात दुसरा विचार आलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून तांबडं फुटायच्या आत दोघं बांधावर पळायला जायचे आणि परत आले की मागच्या अंगणात बैठका. आबा नुसते शिट्टी वाजवत उभे राहणाऱ्यांतले नव्हते. ते स्वतः बरोबरीने पळायचे, बरोबरीने बैठका काढायचे. त्यांचे गुडघे करकरायचे ते मला अंथरुणात ऐकू यायचं, आणि मग त्यांचा तो घशातला आवाज: "आनखी! पायातली चरबी गेली पायजे!" दादाच्या अंगावर चरबी नावाला नव्हती.

त्या महिन्यातलं घर आठवलं की मला आवाज आणि वासच आधी आठवतात. खालच्या रानातली मोटार चालू झाल्याची घरघर. आई चुलीवर हुलग्याचं माडगं करायची, पळणाऱ्यांना ताकद म्हणून, आणि ते गरम पितानाचे त्या दोघांचे भुरके. गच्चीवर पापडांवरून चिमण्या हाकलायला मला बसवलेलं, कारण बारावीची परीक्षा संपली होती आणि रिकामी पोरगी आईच्या डोळ्यांत खुपायची. दुपारी कैरीची डाळ, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी. दादा आला की घरात भांडणंही जोरात व्हायची, आणि भांडणं झाली की घर भरल्यासारखं वाटायचं. त्याच्या डाव्या पायातली चप्पल तेव्हा सारखी गळून पडायची. तो पुढे निघून जायचा आणि चप्पल रस्त्यात. त्याला पत्ताच नसायचा. आई ती उचलून आणायची आणि म्हणायची, "उद्या बायकूला जत्रंला न्हेशील आन तिला बी आसाच इसरून येशील." आम्ही हसायचो. तोही हसायचा.

ऊन कललं की महाबळेश्वरच्या डोंगरावरून वारं खाली उतरायचं आणि धरणाच्या पाण्यावर काळपट सुरकुत्या पळायला लागायच्या. तेव्हा आम्ही दोघं निघायचो. माझं काम छातीएवढ्या पाण्यात बोर्ड धरून उभं राहायचं, आणि दादाचं आटपलं की मला माझी पाळी मिळायची. तो लाच म्हणूनच द्यायचा म्हणा, नाहीतर मी कशाला रोज भिजत उभी राहिले असते? मी तेव्हा काडीपैलवान होते. जो बोर्ड त्याला छातीएवढ्या पाण्यात बुडवायचा तो मला गुडघाभरच खाली न्यायचा. "तुला बोर्ड फुकटात उचलतोय, चिंगे," तो म्हणायचा. "माजू नगंस."

शिकवायला मात्र दादासारखा माणूस मला पुढे आयुष्यात भेटला नाही. आधी बोर्डावर पोट टाकायचं, मग एकेक गुडघा वर घ्यायचा. बोर्ड खाली जायला लागतो ती हीच वेळ, आणि आमच्यासारखी विहिरीत पोहायला शिकलेली माणसं इथेच फसतात. पायाखालचं बुडायला लागलं की ते झटकून हात मारत सुटायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. मी पहिले कितीतरी दिवस तेच करत होते, बोर्ड एकीकडे आणि मी एकीकडे. दादा काठावरून ओरडायचा, "आगं, सोडू नगंस त्येला! बुडू दे की! बुडंल, पर पळून जात न्हाई. गुडघ्यानं सपाट धर." मग वाऱ्याला आडवं राहून पंख डोक्यावर उचलायचा. "वजन बोर्डावर न्हाई टाकायचं, पंखावर टाकायचं. समज, पंखाला लोंबकाळलीयास. वारं धर, सोड. धर, सोड." असं करत राहिलं की पाण्याखालचा बोर्ड हळूहळू वर यायला लागतो, आणि तो पुढे सरकतोय असं गुडघ्यांना कळलं की डावं पाऊल मधोमध पुढे टाकायचं, मग उजवं, मग उठायचं. उठताना घाई करायची नाही आणि पायांकडे बघायचं नाही. "फुडं बघायचं, पल्याडच्या काठाला. ज्येला खाली बघायचं त्येनं मासं धरावं." आणि शेवटी, दर वेळी, थोडा आवाज खाली आणून: "वर आलीस की आवाज बंद हुईल. घाबरू नगंस."

हे सगळं त्याला स्वतःला येत होतं. गुडघे वर, बोर्ड सपाट, पंखात वारं, बोर्ड पाण्यावर आलेला, इथपर्यंत कोणी बोट ठेवायला जागा नसायची. मग डावं पाऊल. ते उचलायचं, पण बोटं खाली लोंबायची आणि बोर्डाच्या कडेला अडकायची, आणि तो तोंडावर पाण्यात. परत वर, परत डावं पाऊल, परत पाण्यात. पहिल्या आठवड्यात तो पडला की आम्ही दोघं हसायचो, काठावर म्हशी धुणारे हसायचे. दुसऱ्या आठवड्यात हसणं कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात म्हशीवाले मान वळवून घ्यायला लागले. एकदा तो काठावर पाय पसरून स्वस्थ बसला होता आणि मला दिसलं की त्याच्या पोटरीच्या कातडीखाली काहीतरी सारखं फडफडतंय. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "वारं भरलंय," आणि वरून टॉवेल टाकला.

घरी रोज संध्याकाळी आबांचा प्रश्न ठरलेला: "आज राहिलास उभा?" दादा म्हणायचा, "आज न्हाई." आबा मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बैठका वाढवायचे. आज मला माहीत आहे की त्याच्या नसा एकेक करून विझत होत्या, आणि असा पाय जितका रगडाल तितका लवकर थकतो. तेव्हा आमच्यापैकी कोणाला हे माहीत नव्हतं. आबा आपल्या पोराला त्यांच्याकडे होतं ते सगळ्यांत चांगलं औषध देत होते, आणि त्याच्या बरोबरीने ते स्वतःही घेत होते. पुढे दादा चार पावसाळे जगला. शेवटचे दोन अंथरुणात. त्याबद्दल मी लिहायला बसले तर मला या वयात उठता येणार नाही, म्हणून ते राहू दे.

सुट्टी संपत आली होती तेव्हाची ती दुपार. वारं जोरात होतं आणि एकसारखं. दादा कितीतरी वेळा पडला. शेवटी शेवटी पाऊल सोडाच, त्याला पोटावरून गुडघ्यांवर यायलाही दम लागायला लागला. मग तो पाण्यातच, छातीएवढ्या पाण्यात, बोर्डाला धरून थांबला आणि मला म्हणाला, "चिंगे, आज वारं वाया घालवायचं न्हाई. बस तू." मी बसले. बोर्ड खाली गेला, मी सोडला नाही. पंख डोक्यावर, वारं धर, सोड. गुडघ्यांखाली बोर्ड वर येताना मला स्पष्ट कळला. डावं पाऊल पुढे, उजवं मागे. पल्याडच्या काठाला कोणाच्या तरी शेळ्या होत्या, मी त्यांच्याकडे बघत उठले. बोर्डाखाली पाणी खळखळत होतं, सपासप आपटत होतं, आणि एकदम ते सगळं थांबलं. आवाज बंद झाला. मी वर आले होते. एवढी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, आणि तिच्यात मागून, लांबून, माझ्या भावाचा आवाज आला, "फुडं बघ! फुडं!" मी पल्याडच्या काठापर्यंत गेले. आनंदाने मी वेड्यासारखी ओरडत होते. वळायला येत नव्हतं म्हणून पडले, आणि वळून बघितलं तर तो अजून तिथेच होता, त्याच पाण्यात, दोन्ही हात वर करून. माझा आनंद तिथेच, त्या पाण्यात, अर्धा झाला.

मी पोहत, बोर्ड ओढत परत आले. तो म्हणाला, "झ्याक उठलीस. मागचा पाय जरा पसरून पडला, पर झ्याक." मग काठावर आल्यावर त्याने डावा पाय माझ्यासमोर धरला. "बघ. मी आता ह्येला सांगतोय, वर हो." मी बघत राहिले. पाऊल हललं नाही. "दिवाळीपासनं आसं हाय. आंगात कायतरी लय मोठं शिरलंय, चिंगे. मला कळतंय." मी म्हणाले, चल, आत्ताच्या आत्ता आबांना सांगू. तो म्हणाला, "सांगतो. म्या सांगतो. तू गप बस."

संध्याकाळी ताटावर बसलो. आबांनी नेहमीसारखं विचारलं, "आज राहिलास उभा?" दादाने घास गिळला आणि म्हणाला, "व्हय आबा. आज राहिलो."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. आबा उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन एवढ्या जोरात हाक मारली की चुलते शेजारच्या घरातून धावत आले, त्यांना वाटलं कुठे आग लागली. "पोरगा उभा राहिला रं! पाण्यावर! उद्या सगळ्यांनी जेवायला यायचं!" मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. नंतर अंगणात मी त्याला गाठलं आणि रागाने विचारलं, का खोटं बोललास? तो म्हणाला, "म्हातारा म्हैनाभर माझ्यासंगं पळतोय. त्येच्या गुडघ्यानं कवाच राजीनामा दिलाय. आता तरी त्येला निवांत झोपू दे की. सांगायचंच हाय, दोन दिसानं सांगतो."

दुसऱ्या दिवशी बोकड पडला. भावकी जमली, तांबड्या रश्श्याचा वास आणि लसणाचा ठसका घरभर, बायका चुलीवर भाकऱ्या थापतायत, आणि मधोमध आबा, ठेवणीतला फेटा बांधून. लोकांनी दादाला विचारलं, कसं वाटतं रं वर? आणि दादाने सांगितलं. बोर्ड कसा गुडघ्याखाली वर येतो, समोर शेळ्या कशा दिसत होत्या, आवाज कसा एकदम बंद होतो. ती माझी दुपार होती, मीच त्याला घरी येताना शब्द न शब्द सांगितली होती, आणि तो ती इतकी चांगली सांगत होता की मलाही वाटलं, हाच उठला असेल. मी भाकऱ्यांची टोपली घेऊन दारात उभी होते. मला रडू फुटेल म्हणून मी आत जाऊन चुलीपुढे बसले. आई म्हणाली, "धूर गेला व्हय डोळ्यांत?" मी म्हणाले, व्हय.

दोन दिवसांनी दादा म्हणाला, "आबा, मिरजेला जाऊ. पाय दाखवायचा हाय." आबा हसले. "आता कशाला? आता तर उभा राहिलास." पण दादाने आधीच ठरवलं होतं. आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने निघालो, कराडला उतरून दुसरी धरली. मिरजेला आमच्याकडची माणसं जातात ती दुसरीकडे कुठे इलाज होत नाही म्हणून जातात, हे मला माहीत होतं. आबांना मात्र प्रवासभर उत्साह. शेजारच्या माणसाला दादाची ओळख करून दिली, पाण्यावर उभं राहण्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी पायांत सुया टोचून तपासलं, मग हातांतही, तेव्हा दादा माझ्याकडे बघून एकदा हसला. संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं.

डॉक्टर हळू बोलणारे होते. ते म्हणाले, "हा नसांचा आजार आहे. पायापासून सुरू झालाय, हातांतही थोडा दिसतोय. हळूहळू सगळीकडे जाईल. याच्यावर बरं करणारं औषध नाही, मी खोटं सांगणार नाही. आणि ताण देणारा व्यायाम आता बंद करा. त्याने अशा स्नायूंना त्रासच होतो."

आबा खुर्चीतून उठले. हवालदार वरिष्ठांसमोर उभा राहतो तसे ताठ. "साहेब, आपली कायतरी चूक हुतीया," ते म्हणाले. "ह्यो पोरगा आत्ता चार दिसामागं पाण्यावर उभा राहिलाय. धरणाच्या पाण्यावर. लहान बोर्ड, माणसाखाली बुडतो तसला. पार पल्याडच्या काठापतोर गेला. आमी बोकड कापून भावकीला जेवान घातलं. ज्येच्या पायात जीव न्हाई त्यो पाण्यावर उभा राहील का? सांगा तुमीच."

डॉक्टर दादाकडे बघायला लागले. आबाही बघायला लागले, साक्षीदाराकडे बघावं तसे. दादाने मान खाली घातली, मग वर केली.

"आबा, मी न्हाई राहिलो," तो म्हणाला. "चिंगी राहिली."

आबा माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर राग शोधायचा मी प्रयत्न केला, मला तो हवा होता. तो नव्हता. "तू?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आबा."

"काठापतोर?"

"व्हय."

"चांगलं केलंस," ते म्हणाले, आणि खुर्ची शोधत असल्यासारखा मागे हात नेला, पण खुर्चीवर न बसता खाली फरशीवरच बसले. त्यांनी दादाची डावी पोटरी दोन्ही हातांत धरली, लहान पोराची धरावी तशी. "रोज पळवला रं तुला," ते म्हणाले. "बैठका काढाय लावल्या. तुला कळत हुतं तर बोलायचं न्हाई व्हय?"

"बोललो असतो तर तुमी पळणं बंद केलं असतं," दादा म्हणाला. "आन मला तुमच्यासंगं पळायचं हुतं, आबा. पाय हाय तवर."

आबांनी त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ते रडायला लागले. डॉक्टर खिडकीकडे वळले. बाहेर पुढच्या माणसाचा नंबर पुकारला गेला, कोणीतरी दार लोटलं आणि परत ओढून घेतलं. आम्ही आबांना उठवलं नाही.